गच्चीवरचं बिऱ्हाड

वैजयंती जाऊन गेल्या जुलैत दोन वर्षं झाली. त्याआधी मे महिन्यात तिने मंडईतून अर्धा किलो जांभळं घेतली.

मला वेड लागलेलं नाही. माझ्याकडे कागद आहे. बँकेचा हिशोब दर महिन्याच्या तीन तारखेला मोबाइलवर येतो आणि मी तो खालच्या दुकानातून छापून आणतो, कारण पडद्यावरचा आकडा मला अजूनही कच्चा वाटतो. कागदावर दोन रकाने असतात. डावीकडे ‘झालं’ आणि उजवीकडे ‘टळलं’. जांभळं उजव्या रकान्यात होती. त्यांच्याखाली चार किलो गहू, कोल्हापूरच्या बसची दोन तिकिटं आणि पांढऱ्या मऊ लोकरीचे चार गुंडे.

लोकरीपाशी मी अडखळलो. वैजयंती विणायची, पण पांढरं कधीच नाही. विणून पुरं व्हायच्या आत मळतं, म्हणायची. मग आता पांढरी लोकर कशाला? दोन दिवस मी त्या एका ओळीवर विचार करत होतो. मेलेल्या माणसाने कुठल्या रंगाची लोकर घ्यावी याची काळजी करणारा अख्ख्या साताऱ्यात मी एकटाच असेन.

सगळं नीट क्रमाने सांगतो.

मी रमाकांत बोधे. वैधमापन खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. लोक आम्हाला वजनमापवाले म्हणतात आणि फार प्रेमाने म्हणत नाहीत. वडूज, म्हसवड, दहिवडीचे आठवडी बाजार मी पायाखाली घातले. वजनाच्या बुडाशी भरलेलं शिसं कोरून घेणारे पाहिले, पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे पाहिले. एका सराफाला अर्ध्या ग्रॅमसाठी कोर्टात उभं केलं. तो लांबचा मेहुणा निघाला, तरी केलं. खात्यात नवीन आलेल्यांना मी एकच गोष्ट शिकवायचो. वजन बघू नका, आधी रिकामा काटा बघा. तो शून्यावर नसेल तर पुढचं प्रत्येक वजन खोटं.

हे कार्ड घरात आणलं आमच्या ऋजुताने. ती आणि तिचा नवरा पुण्यात असतात. पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने आमचे अर्ज परस्पर भरून टाकले आणि पाडव्याला दोन कार्डं हातात ठेवली. उसाच्या चिपाडाचा लगदा दाबून केलेली, पिवळट, प्लास्टिकचा कणही नाही. वैजयंतीने आपलं कार्ड आधी नाकाला लावलं.

“गुऱ्हाळाचा वास येतो हो,” ती म्हणाली.

मी अर्थातच बारीक अक्षरं वाचायला घेतली. “वर्षाला दोघांची मिळून चौदाशे नव्याण्णव रुपये फी. आणि खर्चावर परत किती, तर अर्धा टक्का. साध्या कार्डावर दीड मिळतो. वासाचे एवढे पैसे?”

“बाबा, खर्चावर नका बघू,” ऋजुता म्हणाली. “खरे पैसे टळलेल्या धुरावर आहेत.”

“म्हणजे जे आपण घेतलंच नाही त्याचे पैसे?” वैजयंतीने विचारलं.

“हो.”

“मग मी उद्यापासून विमान घेत नाही. दे म्हणावं बँकेला.”

ऋजुता हसली, पण तिच्या आईने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. आता प्रत्येक वस्तूवर जो चौकोनी कोड असतो त्यात किमतीबरोबर त्या वस्तूचा धूरही लिहिलेला असतो. शेतातल्या खतापासून ट्रकच्या प्रवासापर्यंत ती तुमच्या हातात येताना हवेत किती कार्बन गेला, त्याचे ग्रॅम. कार्ड टेकवलं की तेवढे ग्रॅम तुमच्या नावावर चढतात. इथवर हे वजन आहे आणि वजन मला कळतं. पण बँक बक्षीस देते ते न झालेल्या धुराचं. न झालेली गोष्ट कुठल्या पारड्यात टाकणार?

त्यासाठी बँकेने एका यंत्राला कामाला लावलंय. तुमची मागची सगळी खरेदी, तुमच्यासारख्या इतर घरांची खरेदी, सणवार, पाऊसपाणी, आणि जोडलेल्या कार्डांवरून नातेवाइकांकडे काय चाललंय ते, एवढं सगळं घेऊन ते यंत्र तुमचंच एक दुसरं घर चालवतं. त्या घरात तुम्हीच राहता, तुमच्याच सवयींनी. फक्त तिथे हे कार्ड पोहोचलेलं नसतं. ते घर महिन्याभरात काय काय घेईल याची यादी होते, त्यातून तुम्ही खरोखर घेतलेलं वजा होतं आणि उरतं ते ‘टळलं’. हा टळलेला धूर बँक मोठ्या कारखान्यांना विकते आणि त्यातला थोडा वाटा तुम्हाला देते. ऋजुताने आपलं कार्डही आमच्याला जोडून टाकलं, कारण तसं केलं की वाटा जरा वाढतो.

“थोडक्यात, आपलं शून्य बँक ठरवणार,” मी म्हणालो. “मला हे पटत नाही.”

“तुम्हाला काय पटतं? माझी मूठ तरी कुठे पटत होती,” वैजयंती म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

मुठीचं असं की ती सगळा स्वयंपाक मुठीने मोजायची. निवृत्तीनंतर खात्याच्या लिलावात मी एक जुना पितळी तराजू घेतला होता, काचेच्या पेटीतला, चिमूटभर मिठाला हलणारा. शेजारच्या जगतापबाईंची मुलगी बाळंत झाली तेव्हा वैजयंती तिच्यासाठी अळिवाचे लाडू करत होती. दोन नारळांना दोन मुठी अळीव. मी म्हणालो, मूठ हे कायद्याने माप नाही. तिने अळिवाचा डबा पुढे ओढला. कोरडी मूठ भरली आणि माझ्या पारड्यात रिकामी केली. बेचाळीस ग्रॅम. पुन्हा भरली. बेचाळीस. सात वेळा भरली आणि सातही वेळा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत राहिला. निम्म्या मंडईला हे जमत नाही. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, “आण इकडे, शिक्का मारून देतो.”

“फार लवकर सुचलं,” ती म्हणाली, पण मनगट सोडवून घेतलं नाही.

गूळ मात्र ती नजरेने घालायची, आणि मला मधुमेह निघाल्यापासून त्यात तिचा हात आखडता असायचा.

तर त्या यंत्रातल्या घराला तिने नाव दिलं, गच्चीवरचं बिऱ्हाड. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर नुसती गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. तीन तारखेला कागद आला की ती चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसायची. “गच्चीवरच्यांनी नवा फ्रिज घेतला बघा. तिथले बोधे बायकोचं ऐकतात वाटतं.” महिन्याला दोन-अडीचशे रुपये परत यायचे. फी वसूल होऊन वर वर्षाला हजारभर उरायचे. मी तोंडाने कबूल केलं नाही, पण कार्ड तोट्याचं नव्हतं.

मग जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी ती कणीक मळता मळता खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संध्याकाळी दवाखान्यात गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला न सांगता केलेली ही एकच गोष्ट.

पेन्शन, रेशन, गॅस, नगरपालिका, सगळीकडे मी दाखला देऊन आलो. कार्डाचं सुचलं नाही. पहिल्या महिन्यात तरी खरंच सुचलं नाही.

सप्टेंबरच्या तीन तारखेला कागद आला आणि परत आलेली रक्कम नेहमीच्या आठपट होती. उजवा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचलं. गच्चीवर ती होती. नारळीपौर्णिमेला तिने नारळ घेतले होते. निळ्या लोकरीचे दोन गुंडे घेतले होते. चष्म्याला नवी दांडी बसवून घेतली होती. ती दांडी तिला खरोखरच बसवायची होती, आणि मी दुकानात द्यायला दोनदा विसरलो होतो.

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती हे मला ठाऊक आहे, पण झाला तो आनंदच.

त्यानंतर बँकेला कळवायचं सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. दर महिन्याला सुचलं आणि दर महिन्याला मी कळवलं नाही. कळवलं की ते दुसरं घर माझ्या एकट्याचं होणार, हे कळायला यंत्रातलं फार काही कळावं लागत नाही. अर्ध्या ग्रॅमसाठी मेहुण्याला कोर्टात उभं करणारा मी, एका खोट्या काट्याच्या आधाराने दिवस काढू लागलो. एक तारखेपासून मला गावाला जाववत नसे. गच्चीवर तिने हार्मोनियमची शिकवणी लावली. हिवाळ्यात तीन वेळा गाजरं आणली, म्हणजे हलवा झाला असणार. कागद वाचून झाला की मी वरच्या गच्चीत जाऊन टाक्यांपाशी उभा राहायचो. तिथे काही नसतं हे मला कुणी सांगायला नको.

गेल्या एप्रिलच्या कागदावर वेळास होतं.

वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतल्या अंड्यांतून कासवाची पिल्लं निघतात आणि तुरुतुरु पाण्याकडे जातात. वैजयंतीला ते बघायचं होतं. ते साधारण मार्चमध्ये दिसतं आणि मार्चमध्ये आमच्या खात्यात रजा मागण्याची सोय नव्हती. एका वर्षी तिने तिथल्या घरगुती मुक्कामाचे आगाऊ पैसेही भरले होते. म्हसवडचा बाजार तपासायचा राहिलाय म्हणून मी बेत रद्द केला. निवृत्त झाल्यावर दर मार्चला काही ना काही निघायचं आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. आता कागदावर स्वच्छ छापलं होतं. वेळास, दोन माणसं, दोन रात्री, जेवणासह. तिथले बोधे तिला घेऊन गेले होते. आणि मी नेलं नाही याबद्दल बँकेने मला तीनशे चाळीस रुपये दिले होते.

मला ते रुपये नको होते. मला ती हवी होती, चपला हातात घेऊन किनाऱ्यावर उकिडवी बसलेली.

जूनमध्ये तो पांढऱ्या लोकरीचा कागद आला, आणि पाठोपाठ बँकेचं पत्र. पर्यावरण पंधरवड्यानिमित्त सातारा शाखेतलं सर्वांत कमी धुराचं घर म्हणून आमची निवड झाली होती. शनिवारी सत्कार. श्री. बोधे यांनी सपत्नीक उपस्थित राहावे. शाल, श्रीफळ, आणि सौ. बोधे यांच्या हस्ते वृक्षारोपण.

कागदावर होती तोवर ती माझी होती. आता तिला बँकेच्या स्टेजवर बोलावलं होतं. मी शर्ट बदलला आणि शाखेत गेलो.

बँकेचं नाव सांगत नाही. चूक तिची थोडी आणि माझी जास्त. टळलेल्या रकान्याचं काम बघणारी मुलगी आफरीन मुल्ला, तिशीची असेल. मला बघून उभी राहिली.

“अभिनंदन काका! काकूंना नाही आणलंत?”

“ती नाही,” मी म्हणालो. “पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील.”

ती खुर्चीत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, “असं कसं होईल? घरातलं माणूस गेलं की यंत्राला समजतं काका. दर तीन महिन्यांनी तपासतं ते. चहा कमी लागतो, औषधं थांबतात, साबण जास्त दिवस पुरतो. सांगायची पण गरज पडत नाही.” तिने पडदा माझ्याकडे वळवला. “हे बघा. खाणं एकाच माणसाचं दिसतंय, त्याला शंका पण आली होती. पण दर शुक्रवारी पोवई नाक्यावरनं मोगऱ्याचा गजरा. एक शुक्रवार चुकलेला नाही. आणि गेल्या सप्टेंबरात मोरपंखी साडी, हिरव्या बांगड्या, खण, कुंकू. म्हणून त्याने ठरवलं, बाई घरात आहेत, फक्त जेवण कमी झालंय.”

मी पडद्यावरच्या शुक्रवारांवरून बोट फिरवलं.

“गजरा फोटोला असतो,” मी म्हणालो. “ती शुक्रवारी माळायची. आणि ती साडी अविधवा नवमीची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, साडी देतात. शेजारच्या जगतापबाईंना दिली. रंग तिच्या आवडीचा घेतला, एवढंच.”

“यंत्राला हे कुणी सांगितलंच नाही,” आफरीन म्हणाली. “त्याला वाटतं साडी आणली म्हणजे नेसणारी आहे.”

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पारड्याखालची लोहचुंबकं शोधत फिरलो. इथे ते मीच लावलं होतं, दर शुक्रवारी, रांगेत उभं राहून. मी तिच्याकडे मृत्यूच्या नोंदीचा अर्ज मागितला.

तिने अर्ज काढला, पण पुढे सरकवला नाही. “काका, एक सांगू का? ही नोंद केली की ते घर बंद होतं. मागचं, पुढचं, काहीच उरत नाही. परत उघडता येत नाही.”

“पुढचं म्हणजे?”

“यंत्र वर्षभराचा अंदाज आधी बांधून ठेवतं ना. पण ते आम्ही ग्राहकाला दाखवत नाही.”

“मला दाखव,” मी म्हणालो. माझा आवाज कसा लागला होता कोण जाणे. तिने साहेबांच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

“बसा. छापून मात्र मिळणार नाही.”

मी बसलो आणि वाचत गेलो. श्रावणात हरभऱ्याची डाळ. गणपतीला मोदकाची पिठी. नव्या नंबरचा चष्मा. ऑक्टोबरपासून पुण्याच्या बसची तिकिटं वाढली होती, आधी पंधरा दिवसांनी, मग आठवड्याला. नोव्हेंबरात पुन्हा पांढरी लोकर. आणि जानेवारीत अळीव पाव किलो, डिंक, खारीक, चार नारळ, बाळगुटीचं सामान.

मी बोटांवर महिने मोजले. मग पुन्हा मोजले.

“हे त्याला कुठून कळलं?” मी विचारलं.

“जोडलेल्या कार्डावर काही दिसलं असेल.” आफरीन टेबलाकडे बघत होती. “ते मला बघता येत नाही काका. बघता आलं असतं तरी सांगता आलं नसतं.”

तीन वर्षांपूर्वी ऋजुताला दिवस गेले होते तेव्हा तिने आनंदाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना कळवलं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले. ते फोन वैजयंतीने केले, एकेक करून, दार लावून. या वेळी ऋजुता तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगणार नव्हती, मलासुद्धा नाही. पण गच्चीवरच्या आईला कळलं होतं. ती पांढरी लोकर घेऊन आली होती आणि मी मळण्याची काळजी करत बसलो होतो.

मग माझ्या लक्षात आलं, फेब्रुवारीच्या तीन तारखेला माझ्या हातात कसला कागद येईल. उजव्या रकान्यात अळीव, डिंक, खारीक. टळलं. माझ्या लेकीला बाळंतपणात लाडू मिळणार नाहीत, कारण ते करणारी नाही, आणि ते झाले नाहीत म्हणून बँक माझ्या खात्यात बक्षीस टाकणार. वेळास टळलं त्याला मी कारण होतो. हेही टळू द्यायचं आणि कागद हातात धरून बायको भेटल्याचं समाधान मानायचं, एवढा काही मी वाया गेलेला नव्हतो.

“दे तो अर्ज,” मी म्हणालो.

तरी सही करण्याआधी मी ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. आफरीनने घाई केली नाही. मध्ये एकदा तिने माझ्यासाठी चहा मागवला, बिनसाखरेचा. तेही यंत्रानेच सांगितलं असणार. मग मी सही केली, तिने एक कळ दाबली आणि पडद्यावर नवं पान आलं. बोधे, रमाकांत. घरातली माणसं : एक.

“झालं काका. शनिवारचा सत्कारही रद्द,” ती म्हणाली.

“आणि दोन वर्षं मिळालेले पैसे? ते परत घ्या.”

“परत घ्यायचा अर्जच नाही आमच्याकडे.”

मी मुख्य कचेरीला पत्र टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.

जुलैच्या तीन तारखेला मी सवयीने खाली गेलो आणि कागद छापून आणला. उजव्या रकान्यात एकच ओळ होती, वीज, तीन युनिटं. परत आलेले रुपये एकतीस. एकट्या माणसाचं टळून टळून किती टळणार? फीच्या मानाने हे कार्ड आता शुद्ध तोट्याचं आहे आणि कुणी सल्ला विचारला तर मी घेऊ नका असंच सांगेन. पण ती एक ओळ वाचायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला. गच्ची रिकामी झाली होती. वैजयंती गेली ते मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं, आणि मी घरी येऊन दुपारभर पडून राहिलो. शुक्रवारी गजरा आणला. रोख पैसे देऊन आणला.

महिनाअखेरीला ऋजुताचा फोन आला. “बाबा, बसलाय का? एक सांगायचंय.”

मला आधीच माहीत आहे हे मी कळू दिलं नाही. तिने सांगितलं, मी दोनदा ‘काय सांगतेस!’ म्हणालो आणि मग मला खरंच हुंदका आला.

“रडू नका ना,” ती म्हणाली आणि तीच रडायला लागली. “आई हवी होती बाबा.”

“हो,” मी म्हणालो. “मलाही हवी होती.”

मुलगी झाली, जानेवारीच्या दहा तारखेला. माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण पुण्यातच झालं. फोन आला त्याच सकाळी मी मंडईत गेलो. पाव किलो अळीव, दोन नारळ, गूळ. कार्ड टेकवलं. फी मार्चपर्यंत भरलेली होती, आणि ही नोंद मला डाव्या रकान्यात हवी होती.

तराजू काचेच्या पेटीतून काढला. आधी रिकामी पारडी बघितली, शून्यावर होती. माझी मूठ करून बघायचा मोह झाला. एकदा एक्कावन्न आली, एकदा सत्तेचाळीस, एकदा छप्पन्न. मी नाद सोडला आणि सरळ वजनं ठेवली. बेचाळीस ग्रॅम अळीव मोजून वाटीत ओतले, मग आणखी बेचाळीस. तिच्या दोन मुठी. मग नारळ फोडले, त्यांच्या पाण्यात अळीव भिजत घातले, खोबरं खवलं. खवताना बोटही कापून घेतलं.

गुळापाशी येऊन सगळं थांबलं. गुळाचं वजन मी कधी केलंच नव्हतं. तिने करूही दिलं नसतं. अर्धी ढेप हातात धरून मी आठवायचा प्रयत्न केला, ती कशी उभी राहायची, कढईत कशी बघायची, आणि मग माझ्याकडे एकदा बघून हातातला खडा डब्यात परत कसा टाकायची. मीही अंदाजाने गूळ घातला, आणि शेवटचा खडा डब्यात परत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन पुण्याला पोहोचलो. बाळ झोपलं होतं. ऋजुताने डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. एक लाडू उचलला आणि सावकाश खाल्ला, खिडकीकडे तोंड करून.

“गूळ कमी पडलाय बाबा,” ती म्हणाली.

मी काहीतरी सबब सांगणार होतो, तोवर तिने दुसरा लाडू घेतला.

“आईचाही कमीच पडायचा.”